युद्धातली साधी माणसं: कादंबरी की इतिहास?

एका मैत्रिणीला दुसऱ्या महायुद्धातल्या सामान्य लोकांबद्दल वाचायचंय. सुरुवात कशाने करावी, हे तिचं ठरत नाहीये.

विश्वासार्हतेत इतिहास सरस. जर्मन सैन्याच्या वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राड या सोव्हिएत शहरात १९४१च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांना आणि घरच्या अवलंबितांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. हा आकडा रेशनच्या नोंदी आणि डायऱ्यांशी ताडून पाहता येतो. कादंबरीत खरं किती आणि रचलेलं किती, हे सहसा कळत नाही.

पण तो तुकडा मुलांत वाटताना आईच्या मनात काय चाललं असेल, तिथे कादंबरीच पोहोचते. डायरी लिहिणारे बहुधा शिकलेले; निरक्षर बाईचा आवाज कागदपत्रांत क्वचितच उरतो, आणि मला ही उणीव फार मोठी वाटते. मुलाखतींवर आधारलेला मौखिक इतिहास ती थोडी भरून काढतो, मात्र कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींत रंग मिसळलेले असतात.

वाचायला अर्थातच कादंबरी सोपी.

या विषयावर पहिल्यांदाच वाचत असाल, तर कादंबरी घ्या. शक्यतो लेखकाने आधार कुठून घेतला ते सांगणारी. लेख लिहायचा असेल किंवा ऐकीव गोष्टी पडताळायच्या असतील, तर थेट इतिहासच.