एआय साधनांसह काही महिने: जळगावातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर व्यवसायाचा अनुभव

जळगावात आम्ही तिघे मिळून केळीचे व्यापारी, वेफर्सचे कारखानदार आणि सराफ यांच्यासाठी बिलिंगची सॉफ्टवेअर तयार करतो. त्याच ग्राहकांच्या जाहिरातींची कामेही जोडीने येतात. गेल्या पावसाळ्यापासून दोन्ही कामांसाठी आम्ही एआय साधनांची मासिक वर्गणी भरत आहोत.

कोडच्या बाबतीत लाभ खरा आहे. पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या जुन्या प्रोग्रॅममधून खातेउतारा काढणे किंवा एक्सेलमधली विस्कळीत यादी नीट करणे, ही कामे आता फार लवकर उरकतात. मात्र जो नियम कागदावर नसून व्यवहारात असतो, तो साधनाला ठाऊक नसतो आणि ते विचारतही नाही. हमाली-तोलाई कोणाच्या हिशेबातून कापायची, याबाबत रावेरचा व्यापारी एक सांगतो आणि सावद्याचा दुसरेच. साधन मात्र स्वतःच एक पद्धत ठरवून मोकळे होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी रद्द झाले, तरी त्यानंतर साधनाने लिहून दिलेल्या करकोष्टकात ते जसेच्या तसे होते.

खरा बदल ग्राहकाच्या अपेक्षेत झाला आहे. पूर्वी सॉफ्टवेअरची स्क्रीन दाखवण्याजोगी व्हायची तेव्हा त्यामागचे निम्मे काम झालेले असायचे. आता स्क्रीन पहिल्याच संध्याकाळी तयार होते आणि हिशेबाचे काम सगळे मागे उरते. ती पाहिलेला ग्राहक साहजिकच विचारतो, "भाऊ, झालंच आहे की, मग अजून महिना कशाला?"

जाहिरातींतही तेच. ग्राहक स्वतः चित्र बनवून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो आणि "फक्त नाव टाका" म्हणतो. पण त्यातली जोडाक्षरे तुटलेली असतात, चित्र मोठ्या फ्लेक्सवर धूसर होते आणि सगळे पुन्हा उभे करावे लागते, तेही नाव बदलण्याच्या दरात. (अहिराणी या इथल्या बोलीतला मजकूर मागितला, तर दोन-चार ठिकाणी 'आहे'ऐवजी 'शे' पेरलेली प्रमाण मराठी मिळते.)

वेगाची जाणीव आपल्यालाही फसवते. एमईटीआर या अमेरिकी संस्थेने जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १६ अनुभवी प्रोग्रॅमरांना स्वतःच्या ओळखीच्या प्रकल्पांवर एआय वापरताना १९ टक्के अधिक वेळ लागला, आणि त्यांना मात्र आपण सुमारे २० टक्के वेळ वाचवला असे वाटत होते. नव्या, लहान कामांना हा निष्कर्ष तसाच लावता येणार नाही. आमच्या जुन्या प्रोग्रॅमांना मात्र तो बराच लागू पडतो.

आता आम्ही ग्राहकाच्या मागील हंगामाच्या हिशेबपट्ट्या प्रोग्रॅममधून काढून त्याच्या वहीशी जुळवतो आणि त्यानंतरच स्क्रीन दाखवतो. अंदाजपत्रकात या तपासणीची रक्कम वेगळी लिहितो. एका सराफाने ती विनातक्रार मान्य केली, तर वेफर्सचा एक ग्राहक स्वस्तात करून देणाऱ्याकडे गेला. कोडच्या साधनाची वर्गणी चालू ठेवली आहे, चित्रांच्या साधनाची या महिन्यात बंद केली.