मोतीबिंदूचं ऑपरेशन: सर्जन कसे निवडले आणि पावसाळ्यापर्यंतचा अनुभव

दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आता एक हिवाळा, एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा गेलाय. उजवा डोळा दिवाळीनंतर केला, डावा त्यानंतर काही आठवड्यांनी. ऑपरेशन झालं की पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच छान दिसतं. खरं काय ते नंतर कळतं, म्हणून लिहायला मुद्दाम थांबले.

माझं मत आधीच सांगते. मशीन कोणतं आणि लेन्स कोणत्या देशाची हे नंतर बघा. लेन्स सुचवण्याआधी डॉक्टरांनी तुमच्या डोळ्यांना दिवसभर काय काम असतं हे विचारलं का, आणि डोळ्याचा मागचा पडदा (रेटिना) नीट तपासला का, हे आधी बघा. या दोन गोष्टी जिथे झाल्या तिथे मी ऑपरेशन केलं आणि आज समाधानी आहे.

मी पासष्टी ओलांडलेली, राहायला पुण्यात कोथरूडला. घरी ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. बाहेरची कामं अजून स्कूटरवरच. मधुमेह बरीच वर्षं आहे, गोळ्यांवर आटोक्यात आहे. त्रास सुरू झाला तो संध्याकाळी पौड रस्त्यावर. समोरच्या गाडीचा दिवा नुसता दिसायचा नाही, फुटून सगळीकडे पसरायचा. चष्म्याचा नंबर वर्षात दोनदा बदलला. मधले काही महिने चष्मा काढून जवळचं चांगलं दिसायला लागलं होतं. नात्यातल्या एका काकूंना तो चमत्कार वाटला. पण भिंगाचा मधला भाग घट्ट होऊ लागला की मायनस नंबर वाढतो आणि तात्पुरतं असं होतं. शेवटी काळ्या कापडावर काळा दोरा दिसेना, तेव्हा ठरवलं.

पूर्वी मोतीबिंदू 'पिकू द्यायचे'. आता तशी गरज नाही. उलट फार पिकलेलं भिंग कडक होतं, ते फोडायला जास्त अल्ट्रासाउंड लागतं आणि बुबुळाच्या आतल्या नाजूक पेशींवर त्याचा ताण येतो. पण बहुतेकांच्या बाबतीत हे उद्याच्या उद्या करायचं ऑपरेशनही नसतं. रोजचं काम अडायला लागलं की करायचं. म्हणजे दोन-तीन ठिकाणी दाखवून विचार करायला वेळ असतो आणि तो घ्यावा. थेंब टाकून मोतीबिंदू विरघळवणारं औषध अजून तरी नाही, त्या नादात कुणी महिने घालवू नयेत.

पहिल्यांदा गेले ते एक मोठं, चकचकीत रुग्णालय. नंबर तपासला, आणि डॉक्टरांची भेट व्हायच्या आधीच काउन्सेलरनं टेबलावर पॅकेजचा तक्ता ठेवला. चार रकाने, चार किमती, सगळ्यात महागाच्या वर 'चष्म्यापासून कायमची सुटका'. माझा मधुमेह कागदावर लिहिलेला होता, तरी बाहुली मोठी करून पडदा पाहिलेला नव्हता. लेझरनं करा म्हणजे जास्त सुरक्षित, असंही सांगितलं. घरी येऊन मुलाला यावर शोधायला लावलं. फ्रान्स आणि ब्रिटनमध्ये यावर मोठ्या चाचण्या झाल्या, त्यांचे निष्कर्ष 2020 मध्ये छापून आले. फेम्टो लेझर वापरून केलेलं ऑपरेशन नेहमीच्या फेकोपेक्षा, म्हणजे अल्ट्रासाउंडच्या मशीननं भिंग फोडून काढण्यापेक्षा, सरस ठरलं नाही. लेझर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण त्यासाठी कर्ज काढायची गरज नाही.

दुसऱ्या ठिकाणी तपासणी उत्तम झाली, पडदाही पाहिला. फक्त ऑपरेशन नेमकं कोण करणार याचं उत्तर 'त्या दिवशी ज्यांची ड्यूटी असेल ते' असं मिळालं. कुणाला हे चालेल. मला ज्यांनी तपासलं तेच डॉक्टर हवे होते.

तिसरं म्हणजे पेठेतलं लहानसं रुग्णालय. लाकडी बाक, गर्दी, वाट बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, ''काकू, दिवसभर काय करता?'' शिवणकाम म्हटल्यावर म्हणाल्या, ''घरी गेलात की मशीनवर बसा आणि सुईपासून डोळ्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून आणा.'' ते पंचेचाळीस सेंटीमीटर भरलं. रात्री गाडी चालवता का, मोबाइल किती बघता, स्वयंपाक करताना चष्मा लागतो का, गोळ्या कोणत्या चालू आहेत, सगळं विचारून लिहून घेतलं. गोळ्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे. माझे मोठे दीर प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेतात. या गोळीनं बाहुलीभोवतीचा रंगीत भाग (आयरिस) सैल पडतो आणि ऑपरेशन चालू असताना बाहुली आकसू शकते. हा त्रास 2005 मध्ये पहिल्यांदा नीट नोंदवला गेला. गोळी बंद केली तरी परिणाम राहू शकतो, म्हणून पूर्वी घेत असाल तरी सांगायचं. सर्जनला आधी माहीत असलं की ते तयारीनं उतरतात. घरातल्या पुरुषमंडळींना हे आवर्जून सांगा, ती आपणहून बोलत नाहीत.

मग पडद्याचा ओसीटी, म्हणजे त्याचे थर दाखवणारा स्कॅन, केला. मधुमेहाचे अगदी सुरुवातीचे ठिपके निघाले. सूज नव्हती. बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवलं आणि स्पष्ट सांगितलं, ''तुम्हाला मी ट्रायफोकल बसवणार नाही.'' या लेन्स येणारा प्रकाश दूर, मधलं आणि जवळ असा वाटून देतात. त्यामुळे काळ्यावरचं काळं, करड्यावरचं करडं ओळखण्याची धार थोडी कमी होते, आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. पडदा निरोगी असला तर बरेच जण त्याला सरावतात आणि खूष असतात. माझा पडदा पुढे मधुमेहानं आणखी कमजोर झाला तर दोन्हीकडून नुकसान. शिवाय मी काळ्या कापडावर काळा दोरा चालवणारी आणि रात्री स्कूटर चालवणारी. ज्या लेन्सवर जास्त पैसे मिळाले असते, ती त्यांनी कारण सांगून नाकारली. माझा निर्णय तिथेच झाला.

तरी मी प्रश्न विचारले, आणि तुम्हीही विचारा. ऑपरेशन तुम्ही स्वतः करणार का? नवीन भिंग ज्या पिशवीत बसतं तिची मागची भिंत फाटली तर काय करता? ही भिंत मध्यभागी जेमतेम चार मायक्रॉन जाडीची असते, त्यामुळे कितीही हात बसलेल्या सर्जनकडून ती कधीतरी फाटू शकते. 'आमच्याकडे असं होत नाही' हे उत्तर मला पटलं नसतं. त्यांनी सांगितलं की होतं, क्वचित होतं, तेव्हा दुसऱ्या प्रकारची लेन्स तयार ठेवलेली असते, आणि पडद्याचे डॉक्टर कोण आहेत त्यांचं नावही दिलं. संसर्ग टाळण्यासाठी शेवटी डोळ्याच्या आत अँटिबायोटिक सोडतात का, हेही विचारलं. सोडतात. कुठल्याही प्रश्नावर त्या चिडल्या नाहीत.

मापाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण याबद्दल कुणी बोलत नाही. डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलावा मोजून लेन्सचा नंबर काढतात. लांबी एका मिलिमीटरनं चुकली तर नंबर अडीच-तीननं चुकतो. माप चुकलं की शिवण कितीही सुबक असली तरी ब्लाउज अंगात बसत नाही, तसंच आहे हे. स्कूटरवरची धूळ आणि वारा यामुळे माझे डोळे कोरडे होते, आणि कोरड्या डोळ्याचं माप हलतं. त्यांनी आधी काही आठवडे ओलावा देणारे थेंब घालायला लावले आणि मग पुन्हा मोजलं. पहिल्या मापात आणि या मापात फरक होता. जिथे पहिल्याच दिवशी तारीख देतात तिथे हे झालं नसतं.

उजव्या डोळ्याला दीड नंबरचा सिलिंडर (बुबुळाचा गोलावा सगळीकडे सारखा नसल्यानं येणारा नंबर) होता, म्हणून तो घालवणारी टोरिक लेन्स घेतली. ती ठरलेल्या कोनातच बसावी लागते. एक अंश फिरली तर सिलिंडर घालवण्याची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी कमी होते, तीस अंश फिरली तर उपयोग जवळजवळ शून्य. आडवं झोपलं की डोळाही किंचित फिरतो, म्हणून बसलेलं असतानाच बुबुळाच्या कडेला शाईच्या खुणा केल्या. डाव्या डोळ्यात साधी मोनोफोकल, म्हणजे एकाच अंतराची लेन्स, आणि तिथे मुद्दाम थोडा मायनस नंबर ठेवला, म्हणजे मोबाइल आणि गॅसवरची कढई चष्म्याशिवाय दिसावी.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. इंजेक्शन नाही, सुन्न करणारे थेंब. समोर प्रखर उजेड, पाण्याचा ओघ, मशीनचा आवाज, थोडा दाब. वीसेक मिनिटांत बाहेर. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी जरा जास्त जाणवलं. तसं बऱ्याच जणांना होतं म्हणे. नंतरचे थेंब मात्र घड्याळ लावून घालावे लागतात, त्यातला स्टेरॉइडचा हळूहळू कमी करत जायचा असतो. दोन डोळ्यांच्या मधला काळ सगळ्यात अवघड. जिन्याच्या पायऱ्यांचा अंदाज येत नव्हता, त्या दिवसांत स्कूटर बंद ठेवली.

एका रात्री उजवा डोळा ठणकला आणि लाल झाला. दुखणं, लाली आणि नजर कमी होणं यातलं काही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, असं बजावलेलं होतं. फोन केला तर बाईंनी स्वतः उचलला आणि लगेच बोलावलं. डोळ्यातला दाब वाढला होता, औषधानं दोन दिवसांत उतरला. सर्जन निवडताना हेही विचारून ठेवा: रात्री फोन लागला तर पलीकडे कोण असेल?

आता रोजचा अनुभव. दूरचं चष्म्याशिवाय स्वच्छ. बसची पाटी लांबूनच वाचते. समोरच्या गाडीचा दिवा आता एका जागी राहतो. पावसात काच ओली असली की थोडा चमकतो, तेवढंच. सुरुवातीला उजव्या डोळ्याच्या बाहेरच्या कडेला कोयरीसारखी सावली दिसायची, ती उन्हाळ्यापर्यंत विरली. सुईत दोरा ओवायला आणि मशीनवर चष्मा लागतोच. हे आधी सांगितलेलं होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

रंगांचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. एकच डोळा झालेला असताना पांढरा दोरा एका डोळ्यानं पांढरा आणि दुसऱ्यानं पिवळट दिसायचा. जुनं भिंग वर्षानुवर्षं पिवळं होत जातं आणि आपल्याला पत्ता लागत नाही. मोती कलर आणि शुभ्र पांढरा यातला फरक, निळ्या आणि जांभळ्या पैठणीला लागणारा दोरा, हे सगळं मला परत मिळालं. माझ्यासारख्या काम करणाऱ्या बाईला हे चष्मा सुटण्यापेक्षा मोठं आहे.

पैशांचं. पुण्यात मला एका डोळ्याचे पस्तीस हजारांपासून लाखाच्या वरपर्यंत आकडे सांगितले गेले. आरोग्य विम्यात मोतीबिंदूला बहुधा दोन वर्षं थांबावं लागतं आणि रकमेवर मर्यादा असते, महागड्या लेन्सचा फरक आपल्याच खिशातून जातो. पॉलिसीतलं ते पान आधी वाचा. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी थांबून राहू नये. ससून हे सरकारी रुग्णालय आहे, महंमदवाडीचं देसाई नेत्र रुग्णालय आहे. स्वस्तात होतं ते बऱ्याचदा मशीनशिवाय, जरा मोठ्या पण बिनटाक्याच्या छेदातून होतं. लोक त्याला कमी समजतात, ते बरोबर नाही. याच देसाई रुग्णालयात चारशे डोळ्यांवर दोन्ही पद्धतींची तुलना झाली होती, ती 2005 मध्ये प्रसिद्ध झाली. बिनचष्म्याची नजर फेकोत जरा सरस निघाली, पण चष्मा लावून दोन्हीकडची नजर जवळपास सारखी आणि दोन्ही पद्धती सुरक्षित. आमच्या सोसायटीत भाजी आणणाऱ्या मावशींना मी हेच सांगितलं.

आणि लेन्सच्या डब्यावरचं स्टिकर मागून घ्या. त्यावर कंपनी, मॉडेल, नंबर आणि सीरियल असतं. बिलात लिहिलेली लेन्स आणि बसवलेली लेन्स एकच आहे याचा तो पुरावा, आणि पुढे कुठल्याही डॉक्टरला तो लागतो. माझी दोन्ही स्टिकरं फाइलला लावलेली आहेत.

गेल्या तपासणीत पडदा होता तसाच आहे. उजव्या डोळ्यात भिंगामागच्या पिशवीवर किंचित धूसरपणा यायला लागलाय. पुष्कळांना तो येतो आणि वाढला तर यॅग लेझरनं काही मिनिटांत साफ करतात. सध्या माझं काम अडत नाही, म्हणून लेझर केलेला नाही. दिवाळीच्या सुमारास परत बोलावलंय.