रात्री बारा ते पाच : निवेदक ठेवावा की यंत्रावर सोडावं?

छोट्या रेडिओ केंद्राचा जमाखर्च जुळेनासा झाला की पहिली कात्री रात्रपाळीला लागते. त्यात नवल नाही. रात्री जाहिराती नसतात, आणि विश्वस्तांच्या बैठकीत ‘मध्यरात्री ऐकतंय कोण?’ असं कुणी विचारलं तर दाखवायला कुणाकडेच आकडा नसतो. हल्ली ओळखीतल्या केंद्रांकडून मला हाच प्रश्न येतो: रात्रीचा निवेदक कमी करून सगळं ऑटोमेशनवर, म्हणजे संगणकातून आपोआप वाजणाऱ्या प्लेलिस्टवर, टाकावं का? आमच्याकडे दोन्ही प्रकार होऊन गेलेत. तेव्हा जे अनुभवलं ते सांगतो. तुमचं गाव वेगळं, तिजोरी वेगळी, हे धरूनच वाचा. सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं, ट्रान्समीटर किती वॅटचा, यात शिरत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे.

पर्याय तसे चार. माणूस बसवायचा, दुपारीच लिंक, म्हणजे दोन गाण्यांमधलं बोलणं, रेकॉर्ड करून रात्री वाजवायच्या, म्हणजे व्हॉइस ट्रॅकिंग, कृत्रिम आवाज लावायचा, नाहीतर नुसती गाणी सोडायची. पाचवाही आहे, ट्रान्समीटर बंद करून झोपायचं. आकाशवाणीची बरीच स्थानिक केंद्रं अकराच्या सुमारास आपला दिवस संपवतात, त्यामुळे त्यात कमीपणा काहीच नाही.

आधी पैशांचं. इथे यंत्र जिंकतं, वाद नाही. रात्रीला एक माणूस म्हणजे कागदावर एक, प्रत्यक्षात दीड: साप्ताहिक सुटी, आजारपण, गावची जत्रा, बहिणीचं लग्न. मुलगी असेल तर ने-आण करायला गाडी हवी आणि दारावर वॉचमन हवा, आणि यात काटकसर करू नये. पण हिशेब मांडताना एक गोष्ट बहुतेकांची सुटते. रात्रीचा माणूस गाणी चालू असताना रिकामा नसतो. आमचा मुलगा सकाळच्या शेतीच्या कार्यक्रमाचं संपादन रात्रीच करतो, पाहुण्यांचे खोकले आणि ‘म्हणजे कसं आहे’ कापतो, दुसऱ्या दिवसाची क्यू-शीट, म्हणजे काय कधी वाजणार याची यादी, लावतो, वाजलेल्या जाहिरातींची नोंद तपासतो. त्याला काढलं की ही कामं दिवसाच्या कुणाच्या तरी डोक्यावर बसतात. तरीही वर्षाचा ताळेबंद समोर ठेवला तर यंत्रच स्वस्त पडतं.

व्हॉइस ट्रॅकिंगला मी नावं ठेवणार नाही. निवेदक दुपारी बसतो, आधीच्या गाण्याचं शेपूट आणि पुढच्याचं तोंड एवढंच ऐकतो, मध्ये दोन वाक्यं बोलतो, पुढची लिंक घेतो. पाच तासांचा कार्यक्रम तासाभरात तयार. ऐकायला सफाईदार, अडखळणं नाही. निवेदक चांगला असेल तर निम्म्या लोकांना कळतही नाही. गाडी चालवताना मी स्वतः फसलोय. खासगी एफएमवाल्यांना 2011 च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने आपल्याच वाहिन्यांत देशभर नेटवर्किंग करायची मुभा दिली, त्यामुळे एका शहरातला आवाज चार शहरांत वाजवणं सोपं झालं. अडचण एवढीच की या आवाजाला घड्याळ नसतं आणि खिडकीही नसते. म्हणून तो ‘रात्र आता रंगात आली आहे’ असलं काहीतरी मोघम बोलत राहतो. कधी मोह आवरत नाही आणि ‘बाहेर काय मस्त गारवा सुटलाय’ म्हणतो, तेव्हा बाहेर वळवाने कुणाच्या गोठ्याचे पत्रे उडवलेले असतात.

कृत्रिम आवाजाचं थोडक्यात आटोपतो. पोलंडमध्ये ऑफ रेडिओ क्राकूफने ऑक्टोबर 2024 मध्ये माणसं कमी करून कृत्रिम निवेदक बसवले, आणि 2012 मध्ये वारलेल्या नोबेलविजेत्या कवयित्री शिंबोर्स्का यांची ‘मुलाखत’सुद्धा प्रसारित केली. लोक इतके खवळले की आठवड्याभरात प्रयोग गुंडाळावा लागला. सिडनीच्या काडा केंद्रावर कामाच्या दिवशी रोज चार तास येणारी निवेदिका माणूस नाही, हे श्रोत्यांना 2025 मध्ये कळलं, तोवर ती कित्येक महिने हवेवर होती. आमच्याकडे एकाने मराठी आवाजाचा नमुना ऐकवला होता. आवाज गोड, पण ‘चारा’मधला च ‘चार’सारखा. जनावरांच्या चाऱ्याचे भाव सांगणाऱ्या केंद्राला हे परवडत नाही. पुढे सुधारेलही. सध्या तरी माझ्या यादीत हा पर्याय शेवटी.

राहिला खरा सामना, माणूस विरुद्ध ऑटोमेशन. माझ्यापुरता तो एकाच वैतागाने निकालात काढला.

ऑटोमेशनबरोबर सायलेन्स डिटेक्टर येतो. हवेवर ठरावीक सेकंद आवाज नसला की तो राखीव प्लेलिस्ट सुरू करतो आणि मेसेज पाठवतो. कुणाला पाठवतो, हे विक्रेता खुलासेवार सांगत नाही. मला. सुरुवातीच्या काळात हा मेसेज अडीच-तीनच्या सुमारास यायचा, आणि बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसायचं. एखादं जुनं ध्वनिमुद्रण असतं, सुरुवातीला नुसता तानपुरा, तोही लांबून आल्यासारखा. यंत्राला वाटायचं हवेवर काहीच नाही. मी दचकून उठून रेडिओ लावायचो, तर बाई शांतपणे आलाप घेत असायच्या. सेकंद वाढवून ठेवले, तर खरोखर काही बंद पडलं की तेवढा जास्त वेळ श्रोत्याच्या कानात नुसती शांतता.

हे एक वेळ चाललं असतं. खरा ताप उलट्या बाजूचा. एका रात्री लाइट जाऊन आली, यूपीएसने मधेच दम सोडला, संगणक पुन्हा सुरू झाला आणि प्लेलिस्ट आमच्या जिंगलवर अडकली. जेमतेम सात-आठ सेकंदांची जिंगल: पेटी, टाळ, केंद्राचं नाव, फ्रीक्वेन्सी. पुन्हा पेटी, टाळ, नाव, फ्रीक्वेन्सी. डिटेक्टरच्या लेखी सगळं उत्तम, कारण आवाज तर येतोय! राखीव प्लेलिस्ट नाही, मेसेज नाही. मी गाढ झोपेत. पहाटे डेअरीला दूध घालायला निघालेल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला, “साहेब, तुमची ती पेटी कवाधरनं वाजतीया, बघा की जरा.” मी अंगावर स्वेटर चढवून स्टुडिओत पोचेपर्यंत उजाडलं होतं. पडद्यावर हिरवा दिवा. सगळं सुरळीत.

त्यानंतर मी उशाशी रेडिओ बारीक आवाजात चालू ठेवून झोपायला लागलो. बायकोने काही दिवस सहन केलं, मग तिने बिछाना दुसऱ्या खोलीत नेला. डिटेक्टरवर विश्वास ठेवावा तर जिंगलची धास्ती, न ठेवावा तर झोप नाही. रात्रपाळी केंद्रातून उठली आणि पगाराशिवाय माझ्या घरी भरायला लागली, एवढाच काय तो फरक पडला. तुमच्याकडे तरणाताठा तंत्रज्ञ असेल, स्टुडिओच्या वरच्या मजल्यावरच राहत असेल, तर हा मुद्दा तुम्हाला किरकोळ वाटेल. आमच्याकडे तसा कुणी नव्हता.

आता ऐकतं कोण, यावर. आमचा पट्टा कोल्हापूरकडचा, उसाचा. शेतीपंपाची लाइट रात्रीची आली की माणूस बॅटरी आणि काठी घेऊन पाणी पाजायला निघतो; गव्याची, बिबट्याची भीती असते, सोबतीला मोबाइलवर काहीतरी बोलणारं हवं असतं. हंगामात गुऱ्हाळघरांवर चुलवाण पेटलेलं असतं, तिथे गुळव्यापासून मोळी वाहणाऱ्यापर्यंत सगळे जागे. कारखान्याच्या गेटवर ट्रॅक्टरवाले नंबर लागायची वाट बघत बसतात. इचलकरंजीच्या मागवाल्यांना खडखडाटात काय ऐकू येणार म्हणा, पण टपरीवर चहाला आले की तेही ऐकतात. या लोकांची मोजदाद मी केलेली नाही. रात्रीच्या निवेदकाची फोनची वही मात्र भरलेली असते, आणि यंत्र असताना तीच वही कोरी होती, कारण फोन उचलायला कुणी नव्हतं. सौर कृषी वाहिनीतून सगळीकडे दिवसा वीज मिळू लागली की यातला पाणी पाजणारा वर्ग कमी होईल. व्हावाच. तेव्हा कदाचित मीही वेगळं लिहीन.

पावसाळ्याचं गणित तर वेगळंच. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळ इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43, हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगतं. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरलं की आपोआप उघडतात, मग दुपारचे बारा असोत की रात्रीचे दोन. बातम्या आम्हाला नियमाने स्वतःच्या देता येत नाहीत, पण प्रशासनाने दिलेली पुराची, बंद रस्त्याची सूचना वाचता येते. मोबाइलवर आपत्तीचे संदेश येतात, व्हॉट्सअ‍ॅपही आहे, मान्य. पण त्याच व्हॉट्सअ‍ॅपवर त्याच रात्री 2019 च्या महापुराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून फिरतात. केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आलंय का, रत्नागिरीकडे गाडी घालू का, असं विचारणाऱ्या ड्रायव्हरला प्लेलिस्ट काय सांगणार? निवेदक निदान तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला फोन लावतो, मिळालेली पातळी दर तासाला वाचतो आणि माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो.

या बाबतीत अमेरिकेतल्या मायनॉटचं उदाहरण नेहमी दिलं जातं. नॉर्थ डकोटातलं छोटं शहर. तिथे 1996 च्या कायद्याने एका कंपनीने किती केंद्रं घ्यावीत यावरची बंधनं सैल केली होती, आणि मायनॉटची सहाही व्यापारी केंद्रं क्लिअर चॅनेल या एकाच कंपनीकडे गेली होती. 18 जानेवारी 2002 ला मध्यरात्रीनंतर मालगाडी घसरली, टाक्यांतून अमोनियाचा ढग शहरावर आला, एक माणूस दगावला, शेकडोंना त्रास झाला. पोलिसांनी केंद्राला फोन लावले, ते लागेनात, आणि हवेवर नेहमीचा कार्यक्रम चालू राहिला. कंपनीचं म्हणणं होतं की केंद्रात माणूस होता, पोलिसांनीच इशारा यंत्रणा नीट बसवून घेतली नव्हती. दोन्ही बाजू ऐकल्यावरही मला वाटतं ते असं: एक माणूस सहा केंद्रं सांभाळत असेल, तर फोन लागला काय नि न लागला काय, फारसा फरक नाही.

आणखी एक गोष्ट, जी विश्वस्तांना लवकर पटत नाही. नवीन पोरगा हवेवर बोलायला शिकतो तो रात्रीच. तीन वाजता चुकीचा फेडर, म्हणजे आवाज सोडायची सरकपट्टी, उघडला तर चार माणसं हसतात. सकाळी आठला उघडला तर जाहिरातदाराचा फोन येतो. आमची सकाळची निवेदिका बाळंतपणाच्या रजेवर गेली तेव्हा तिची जागा रात्रीच्या मुलानेच घेतली, आणि दुसऱ्या आठवड्यापासून श्रोत्यांनी तिची चौकशी करणंही सोडलं. तिला सांगू नका. यंत्राच्या काळात अशी वेळ आली असती तर आम्ही बाहेरून माणूस शोधत बसलो असतो, आणि छोट्या गावात तो मिळत नाही.

तर तुम्ही काय करावं? तुमचं केंद्र मोठ्या शहरात असेल, शेजारी दहा वाहिन्या असतील, नदी नसेल, तर ऑटोमेशन घ्या, बिनधास्त. त्यातही मी नुसती गाणी आणि तासातासाला केंद्राचं नाव एवढंच ठेवीन. रेकॉर्ड केलेला आवाज ‘फोन करा, मी वाट बघतोय’ म्हणणार असेल तर तो नको. पैसे अगदीच नसतील तर बारा महिने माणूस ठेवायचा आग्रह मी धरत नाही. जून ते सप्टेंबर आणि नंतर गळीत हंगाम, एवढ्या काळात माणूस, उरलेल्या महिन्यांत गाणी, असंही जमतं. आम्ही मात्र बाराही महिने ठेवलाय. महाग पडतो, कधी कधी बोलतोही जास्त, आणि पहाटे चारला लताबाईंच्या गाण्यावर बोलून जातो तेव्हा राग येतो. बायको पुन्हा आमच्या खोलीत आली, हाही हिशेबात धरा.

आणि ऑटोमेशनच घ्यायचं ठरलं, तर सही करण्याआधी विक्रेत्यासमोर एकच जिंगल सलग दहा मिनिटं वाजवा आणि डिटेक्टर काही बोलतो का बघा. गप्प राहिला तर तशी सोय करून द्यायला सांगा. एकच फाइल ठरावीक वेळा लागोपाठ वाजली की राखीव प्लेलिस्ट लागेल असं काहीतरी. यूपीएसची बॅटरी मेच्या आधी बदला. रात्रीचा मेसेज कुणाच्या फोनवर जाणार ते ठरावात नावानिशी लिहा, आणि त्या माणसाला त्याचा वेगळा भत्ता द्या.