निवडणूक-अंदाजाचं ॲप: नकाशा उत्तम, गुण फसवे

अमेरिकेत विद्यमान राष्ट्राध्यक्षाला कोणता विरोधी उमेदवार हरवू शकेल, हे सांगणारं हे ॲप मी सहा महिने पैसे भरून वापरतेय. राज्यवार नकाशा खरोखर मोलाचा आहे. 2020 चा निकाल उघडून बघा. बायडन देशभरात सत्तर लाखांहून जास्त मतांनी पुढे होते, आणि राज्यवार वाटलेल्या इलेक्टोरल मतांत (निकाल याच मतांवर ठरतो) 306-232 ने जिंकले. पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तिन्ही राज्यांत मिळून आघाडी होती जेमतेम 43 हजारांची! जिंकायला लागणारा 270 इलेक्टोरल मतांचा आकडा नेमका कुठे अडतो, ते इथे डोळ्यांना दिसतं.

प्रत्येक इच्छुकाला 'जिंकण्याची क्षमता' म्हणून दिलेले गुण मात्र मला अजिबात पटत नाहीत. ते आजच्या लोकप्रियतेवर बेतलेले आहेत. मार्च 1991 मध्ये गॅलप या संस्थेच्या जनमत चाचणीत तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरल्या बुशना 89 टक्के पसंती होती. जून 1992 मध्ये त्यांचे विरोधी उमेदवार क्लिंटन तर अपक्ष उमेदवार पेरो आणि बुश यांच्या मागे, तिसरे होते. नोव्हेंबरात तेच निवडून आले, कारण लोकांना रोजगाराची चिंता खात होती. ॲपमध्ये अर्थव्यवस्थेचा रकाना आहे, पण नवी तिमाही आकडेवारी येऊनही तो बदलला नाही. दोनदा कळवलं, उत्तर नाही. वर्गणी चालू ठेवतेय ती नकाशासाठी.