पाणघोडा आणि चिडका म्हातारा

मुलांच्या पुस्तकांतली प्राण्यांची मैत्री मला फारशी पचत नाही. हत्ती आणि उंदीर पहिल्याच पानावर गळ्यात गळे घालतात, मग भांडणार कधी? नातीसाठी ‘ओवेन अँड म्झे’ घेतलं तेही नाइलाजानेच. जुन्या पुस्तकांच्या दुकानात तिने ते छातीशी धरलं आणि सोडेचना. दोनशे वीस रुपये. आतल्या एका पानावर कुणीतरी जांभळा खडू फिरवलाय, ते दुकानदाराने अर्थातच सांगितलं नाही.

गोष्ट केनियातली, आणि खरी. चित्रं नाहीत, फोटो आहेत, बरेचसे पीटर ग्रेस्टे यांचे. २००४च्या त्सुनामीत मालिंदीजवळ वर्षभराचं पाणघोड्याचं पिल्लू एकटंच प्रवाळाच्या खडकावर अडकलं. पिल्लू म्हणायचं, पण वजन पावणेतीनशे किलोच्या आसपास! ओवेन नावाच्या माणसाने झेप घालून त्याला धरलं, म्हणून तेही ओवेन. मोंबासाच्या हॅलर पार्कमध्ये सोडल्यावर ते थेट एका अवाढव्य कासवामागे जाऊन दडलं. हा म्झे, वय सुमारे एकशे तीस. स्वाहिलीत म्झे म्हणजे म्हातारा, पण आदराने म्हटलेला.

म्हाताऱ्याला हे मुळीच आवडलं नाही. फुस्स करून तो दुसरीकडे चालता झाला. पिल्लू मागे. तो पुन्हा सरकला, पिल्लू पुन्हा मागे. सकाळी बघतात तर दोघं चिकटून बसलेले. पुढे शेजारी शेजारी झोपणं, एकत्र चरणं सगळं आहे, पण मला ही पहिली रात्रच आवडली. कासवाच्या चेहऱ्यावर तेव्हाही काही माया-बिया दिसत नाही.

मजकूर मात्र चार-पाच वर्षांच्या मुलांना लांबतो. इंग्रजीतून मराठीत सांगताना मी सरळ अर्धा गाळतो. आणि एक तयारी ठेवा: “त्याची आई कुठाय?” हा प्रश्न येतोच. ती सापडत नाही. पहिल्या दिवशी मी पान उलटलं, तर नातीने ते परत मागे घेतलं.

आता रोज रात्री तेच पुस्तक. “आबा, फुस्स तू करायचं,” असा हुकूम आहे. मी फुस्स करून पलंगाच्या दुसऱ्या टोकाला सरकतो. ती उशी घेऊन मागे येते.