ऑस्ट्रेलिया दौरा की इंग्लंड दौरा? वावरातून पाहिलं तर

ऑस्ट्रेलियातली कसोटी म्हणजे पहाटे पाच-साडेपाचची शेकोटी. कापूस वेचायला जायच्या आधी पहिलं सत्र अर्धंअधिक पाहून होतं. इंग्लंडची कसोटी दुपारी साडेतीनला लागते, आपल्याकडे तेव्हा डवरणी-निंदणाचे दिवस. वावरातून येऊन टीव्ही लावावा, तर पावसानं लाईन गेलेली!

खेळाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात कुकाबुरा चेंडू लवकर नरम पडतो, पण उसळी भयानक. इंग्लंडात ड्यूक्स चेंडू बराच वेळ हवेत हलतो. ढग आले की फलंदाजाचे हाल.

आपल्या नागपूरजवळच्या वलनीच्या उमेश यादवनं २०२१ मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर दोन्ही डावांत तीन-तीन बळी घेतले, तेव्हा अंधारात मोबाईलवर स्कोअर पाहणारे आम्हीच. तरी मालिका २-२ अशी बरोबरीतच. इंग्लंडात २००७ नंतर कसोटी मालिका जिंकलेलीच नाही.

ऑस्ट्रेलियात मात्र २०१८-१९ आणि २०२०-२१, दोनदा जिंकलो. दुसऱ्या वेळी तर अ‍ॅडलेडला ३६ वर गारद होऊन, महिन्याभरात ब्रिस्बेनच्या गाबा मैदानावर ३२८ चा पाठलाग! त्या दिवशी पऱ्हाटीत कोणी वेळेवर पोचलं नाही. माझं मत पहाटेच्या शेकोटीला.