सकाळच्या गाडीने येणाऱ्यांसाठी कुलाब्यातील एक बॅकपॅकर हॉस्टेल

कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने निघालेला प्रवासी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, त्याचे मंत्रालयातले काम किंवा मुलाखत बहुधा अकराच्या सुमारास असते, आणि हॉस्टेलमधला बिछाना मात्र दुपारी बारा-एकच्या आधी सहसा हाती येत नाही. या मधल्या तासांत हॉस्टेल आपल्याशी कसे वागते, यावरच त्याची पारख करावी, असे माझे मत आहे. ससून डॉकजवळच्या गल्लीतील ज्या हॉस्टेलात मी नुकतीच उतरले होते, ते या कसोटीला उत्तम उतरले.

टर्मिनसपासून तिथे पोहोचणे सोपे आहे. या भागात रिक्षा चालत नाहीत, त्यामुळे बेस्टची बस किंवा काळी-पिवळी टॅक्सी घ्यावी. टॅक्सीचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे आणि अंतर तीन-चार किलोमीटरच असल्याने खर्च फारसा होत नाही. मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून विमानतळावरून येणाऱ्यांचीही चांगली सोय झाली आहे, कारण दोन्ही टर्मिनलांपासून थेट गाडी मिळते. अडचण येते ती शेवटच्या शंभर पावलांत. हॉस्टेलची पाटी गल्लीच्या तोंडाशी नाही, इमारतीच्या आतल्या जिन्यापाशी आहे, आणि नकाशावरची खूण मागच्या इमारतीवर पडते. मला शेवटी एका कोळणीने वाट दाखवली. व्यवस्थापनाने रस्त्यावरून दिसेल अशी पाटी लावायलाच हवी.

दारात पोहोचल्यानंतरचा अनुभव मात्र मनापासून कौतुक करावा असा आहे. माझ्या आधी काही परदेशी पाहुणे उभे होते. परदेशी पाहुण्यांची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारकडे नोंदवावी लागते, त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसा तपासण्यात वेळ जातो. पण काउंटरवरच्या मुलीने मला त्या रांगेत ताटकळत ठेवले नाही. तिने माझी बॅग क्रमांकाची चिठ्ठी बांधून कुलूपबंद खोलीत ठेवली, स्नानगृह दाखवले आणि ‘ताई, आधी आंघोळ करून घ्या, नोंद नंतर करू’ असे मराठीत सांगितले. आधार कार्डाची शेवटचे चार अंकच दिसणारी प्रत तिने विनातक्रार स्वीकारली, याचीही नोंद केली पाहिजे. अनेक लॉजमध्ये पूर्ण क्रमांकाची झेरॉक्स मागतात आणि ती पुढे कुठे जाते, हे कोणी सांगत नाही. आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून मी वेळेत बाहेर पडू शकले, आणि या सोयीचे वेगळे पैसे कोणी मागितले नाहीत. रात्रभर प्रवास करून कामासाठी आलेल्या एकट्या बाईला याचे मोल किती वाटते, हे वेगळे सांगायला नको.

महिलांची खोली सहा बिछान्यांची आहे. प्रत्येक बिछान्याला पडदा, दिवा आणि चार्जिंगची सोय आहे. लॉकर मोठा आहे, पण कुलूप आपले न्यावे लागते. चादरी स्वच्छ होत्या. समुद्र इतका जवळ असूनही खिडकीतून तो दिसत नाही, त्याची दमट हवा मात्र आत येते आणि धुतलेला टॉवेल दुसऱ्या दिवशीही ओलसरच राहतो. १८७५ मध्ये बांधलेल्या ससून डॉकवर पहाटेपासून मासळीचा लिलाव चालतो, तेव्हा वास आणि गलबला या दोन्हींची तयारी ठेवावी. मला त्याचा त्रास झाला नाही, उलट उजाडताना डॉकचा तो व्यवहार पाहायला मिळाला. पण ज्यांना मासळीचा वास सोसत नाही, त्यांनी रस्त्याच्या बाजूचा बिछाना मागून घ्यावा. इमारतीला लिफ्ट नाही आणि लाकडी जिना उभा आहे, त्यामुळे वयस्कर मंडळींना मी हे ठिकाण सुचवणार नाही.

एक नियम मला पटला नाही. मुंबईचा पत्ता असलेले ओळखपत्र इथे चालत नाही. हा नियम शहरातल्या इतरही काही हॉस्टेलांत आहे, पण डोंबिवली-बदलापूरकडची एखादी मुलगी उशिरापर्यंत काम करून शेवटची लोकल चुकल्यावर इथे आली, तर तिचे काय करायचे, या प्रश्नावर व्यवस्थापकांकडे स्पष्ट उत्तर नव्हते. मुंबई आणि परिसरातील पत्ता असणाऱ्यांनी म्हणून पैसे भरण्याआधी फोन करून विचारून घ्यावे, कारण आरक्षणाच्या वेळी हा नियम ठळकपणे दाखवला जात नाही.